एका फुटाला एक इंच

“मापं कशाला घ्यायलात?”

चौसाळ्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकच्या मागच्या बाजूला मी टेप धरून वाकलो होतो. ड्रायव्हरमामा चहा घेऊन परत आले आणि माझ्या शेजारी येऊन थांबले. हिच्यासारखी लहान गाडी करायची आहे, असं मी सांगितलं. “केवढी?” मी दोन्ही हात दोन फुटांइतके फाकवून दाखवले. मामा क्षणभर माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी फाळक्याच्या कोपऱ्यात लोंबणारी साखळी उचलली आणि माझ्या हातात दिली. “ही इसरू नका. गाड्या करणारे फाळका करतेत, साखळी करीत न्हाईत. साखळीबिगर फाळका धरंल कोण?”

साखळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता. गाडी रिकामी पळताना साखळी लाकडावर आपटून खडखडू नये म्हणून. मी साखळी मोजली, ट्यूबचा तुकडाही मोजला. या पुस्तकातल्या शेवटच्या नकाशात ती साखळी आहे. बाराव्या हिश्शानं लहान केली की तिची कडी जेमतेम चार मिलिमीटरची होते, आणि तसली साखळी बेंटेक्सचे दागिने विकणाऱ्याकडे मिळते. ट्यूबच्या जागी मी सायकलची वॉलट्यूब वापरली. मामांनी सांगितलं नसतं तर मी ती साखळी करणार नव्हतो. माझ्या टिपणवहीत तोवर चाळीसेक मापं झाली होती आणि त्यांत ती नव्हती.

ट्रकची हुबेहूब प्रतिकृती घरच्या घरी, आपल्याकडे मिळणाऱ्या साहित्यात कशी करावी, हे या पुस्तकात सांगितलं आहे. पण आधी गाडी कशी बघावी आणि कशी मोजावी, यालाच मी निम्मी पानं दिली आहेत. कापणं, चिकटवणं, रंगवणं हे हात बसला की येतं. मोजणं मात्र राहून जातं, आणि एकदा गाडी भंगारात गेली की ते कायमचं राहतं.

बीडहून दक्षिणेला निघालं की मांजरसुंबा लागतं. तिथं अहिल्यानगरकडून (पूर्वीचं अहमदनगर) केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता आडवा येतो. तो ओलांडून पुढं आलं की चौसाळा, मग पारगाव, सरमकुंडी, तेरखेडा, येरमाळा, येडशी. सोलापूर-धुळे रस्ता तो हाच. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता, आता ५२ आहे, आणि येडशी ते छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) हा टप्पा चौपदरी झाला आहे. आमच्या लहानपणी तो अरुंद होता आणि समोरासमोर दोन ट्रक आले की दोघांचंही एकेक चाक मुरमात उतरायचं. त्यामुळे गाड्या सावकाश जायच्या आणि आम्हाला नीट दिसायच्या. दक्षिणेकडून येणाऱ्या, उत्तरेकडे जाणाऱ्या, कापूस, कांदा, सिमेंट, सरकी, ऊस. लांबून नुसत्या आवाजावरून गाडी कुठली हे ओळखायची आमची पैज असायची. टाटा आणि लेलँड यांचे आवाज वेगळे असतात, हे मला वाचायला येण्याआधी कळत होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सुतार होते. शेतीची अवजारं, चौकटी हे तर करायचेच, पण दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात त्यांच्याकडे हौद्याच्या फळ्या बदलायला गाड्या यायच्या. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असायचा आणि उसाखाली चेंगरलेल्या, कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकायच्या असायच्या. अण्णांकडे घडीची लाकडी पट्टी होती. तिच्यावर इंच होते आणि इंचाचे आठ भाग, म्हणजे आठ सूत. मला खेळण्यातली गाडी करून द्या म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी पट्टी माझ्या हातात देऊन सांगितलं होतं, एका फुटाला एक इंच धर आणि तूच कर. बाराव्या हिश्शाचं प्रमाण मी तिथं शिकलो. या पुस्तकातले सगळे नकाशे त्याच प्रमाणात आहेत. जगात या छंदासाठी चोविसावा, पस्तिसावा, चौदावा असे हिस्से रूढ आहेत. पण ज्याच्या हातात सुताराची पट्टी आहे त्याला एका फुटाला एक इंच यासारखं सोपं काही नाही. गुणाकार-भागाकार करावाच लागत नाही. सतरा फुटी हौदा सतरा इंचांचा होतो. दीड इंच म्हणजे बरोबर एक सूत. हौद्याची दीड इंची फळी हवी तर तीन मिलिमीटरचं प्लाय कापायचं, ते सुतापेक्षा नखभरच पातळ असतं.

प्रमाण ठरतं कशावरून, याच्या हकिकती मला फार आवडतात. इंग्लंडमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ साली लेस्नी नावाची कंपनी काढली. त्यांचे जोडीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रोडरोलर केला. त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ आलं. तिथं गाडी केवढी करायची हे काडेपेटीनं ठरवलं. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली आणि पुढं जगभर मॉडेलसाठी प्रसिद्ध झाली. तिच्या रणगाड्यांचा पस्तिसावा हिस्सा आज सगळीकडे वापरतात, पण तो निघाला आतल्या मोटरीला आणि बॅटऱ्यांना जागा पुरेल अशा हिशेबानं. आणि विमानांच्या मॉडेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या एअरफिक्सनं १९४९ साली जुळवणीचं पहिलं मॉडेल काढलं ते फर्ग्युसन ट्रॅक्टरचं, कंपनीच्या विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखवावं म्हणून. आमच्या भागातल्या पोरांना हे मी आवर्जून सांगतो. शेतातल्या गाडीची प्रतिकृती करणं यात कमीपणा नाही, सुरुवातच तिथून झाली आहे.

मराठी मुलखात या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण रेल्वेचं आहे. पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथं सत्त्याऐंशीवा हिस्सा वापरला आहे, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. त्या प्रमाणात माझी ही चोवीस फुटी गाडी साडेआठ सेंटिमीटरांची, तळहातावर मावेल एवढी होईल. मी ते संग्रहालय पाहिलं तेव्हा गाड्यांपेक्षा सिग्नलकडे जास्त वेळ बघत राहिलो. एक गाडी येते, सिग्नल पडतो, दुसरी थांबते. छंद म्हणून सुरू केलेली गोष्ट किती शिस्तीनं करता येते, हे तिथं कळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे या छंदात सगळ्यात जास्त केली जाते ती एसटी. सनबोर्डची, पुठ्ठ्याची, पत्र्याची, लाल रंगाची एसटी करणारी मुलं महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांचं काम सुरेख असतं. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून ते परिवर्तनपर्यंत सगळी रूपं त्यांनी केली आहेत. पण एसटीच्या बॉड्या महामंडळाच्याच कार्यशाळांमध्ये, पुण्याजवळ दापोडीला, औरंगाबादला चिकलठाण्यात, नागपूरला हिंगण्यात बांधल्या गेल्या. तिथं नकाशा असतो, खिडकी किती इंचांची हे ठरलेलं असतं, एका साच्यातून शेकडो गाड्या निघतात. एक हरवली तर दुसरीवरून माप घेता येतं.

ट्रकचं तसं नाही. वर्षानुवर्षं कारखाना द्यायचा ती फक्त चेसी: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचा पत्र्याचा मुखवटा. ना टप, ना दार, ना काच. अशा उघड्या चेस्या ओळीनं आमच्या रस्त्यावरून जायच्या. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर नाहीतर तात्पुरत्या फळीवर बसलेला, तोंडाला गमछा, डोळ्यांना गॉगल, आणि खाली रस्ता पळताना दिसतो आहे. बॉडी बांधणाऱ्याच्या अड्ड्यावर पोचली की तिथले मिस्त्री तिच्यावर केबिन आणि हौदा चढवायचे. हे मिस्त्री कागद वापरत नव्हते. मालकाची उंची, गाडी कुठला माल वाहणार, घाटात चालणार की सपाटीला, हे विचारून चेसीवरच खडूनं रेघा मारायचे. म्हणून एकाच महिन्यात निघालेल्या दोन गाड्यांच्या केबिनी सारख्या नसायच्या. एकीचा टप पुढं झुकलेला, दुसरीचा गोल. एकीच्या आतल्या बाकाखाली दोन कप्पे, दुसरीच्या बाकाखाली स्टोव्ह ठेवायला पत्रा मारलेला. त्या बांधणीचा नकाशा कुठल्याच कपाटात नाही. तो मिस्त्रींच्या डोक्यात होता, नाहीतर त्या गाडीतच होता.

आणि आता लाकडी केबिन जाते आहे. नव्या ट्रकला केबिन कारखान्यातूनच पत्र्याची, बसवून येते. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनीला एसी सक्तीचा झाला. हे व्हायलाच हवं होतं, आणि फार आधी व्हायला हवं होतं. चैत्र-वैशाखात इंजिनाशेजारी बसून येरमाळ्याचा घाट चढलेल्या माणसाला विचारा. लाकडी केबिनीबद्दलचं माझं प्रेम ड्रायव्हरच्या घामाला विसरून केलेलं नाही. पण जी वस्तू आपल्या सुतारांनी, लोहारांनी, पेंटरांनी चाळीस-पन्नास वर्षं आपल्या हातांनी घडवली, ती जाताना निदान तिची मापं तरी मागं राहावीत, एवढं मला मनापासून वाटतं. माझ्यासारख्या छंदवाल्याला हे काम करता येतं. त्याला टेप, वही आणि चहापुरते पैसे लागतात.

या पुस्तकासाठी मी जी गाडी निवडली ती टाटाची १६१३. ट्रकवाले तिला सोळा-तेरा म्हणतात. या आकड्यांची गंमत माहीत असली की गाडी कळायला सोपी जाते: पहिले दोन आकडे भारासह एकूण वजनाचे टन, पुढचे दोन अश्वशक्तीचे दहावे हिस्से. सोळा टन, एकशे तीस अश्वशक्ती. तिच्या आधी आमच्या रस्त्यावर नाकवाल्या गाड्या होत्या, इंजिन पुढं आणि केबिन मागं. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली, तेव्हा त्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असायचा. १९६९ साली तो जाऊन टाटांचं चिन्ह आलं. टाटांच्याही आधी, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रक निघायचे. कुणाला नाकवाली गाडी करायची असेल तर त्यांनी जरूर करावी, पण ती फोटोवरून करावी लागेल. माझा आग्रह आहे की पहिली गाडी अशी निवडा, जिला तुम्ही हात लावू शकता.

माझी पहिली गाडी फसली त्याचं कारण इथं सांगून ठेवतो. मी हौद्याची जमिनीपासूनची उंची सकाळी मोजली, तेव्हा गाडी रिकामी होती. केबिनची उंची संध्याकाळी मोजली, तेव्हा ती भरून आली होती. घरी येऊन नकाशा काढला तर केबिन आणि हौदा जुळेचनात. दोन दिवस मी आकडेमोडीत चूक शोधत होतो. मग लक्षात आलं की मधल्या वेळात स्प्रिंगचे पाटे तीन-चार इंच बसले होते. तेव्हापासून मी वहीच्या पहिल्या ओळीत लिहितो: रिकामी की भरलेली. तुम्हीही लिहा. प्रतिकृती करायच्या आधी हे ठरलंच पाहिजे, कारण त्यावर चाक मडगार्डात किती शिरतं, फाळका रस्त्याशी कसा दिसतो, गाडीचं तोंड किंचित वर आहे की सरळ, हे सगळं अवलंबून आहे. भरलेली गाडी मागून बसते आणि तोंड वर करते. ज्याने रस्त्यावर गाड्या पाहिल्या आहेत त्याला हे सांगावं लागत नाही, पण करताना तोही विसरतो.

इथून पुढं थोडं गणित आहे. ते टाळू नका, कारण ‘खेळण्यासारखं’ दिसणारं काम आणि खऱ्यासारखं दिसणारं काम यांतला फरक बहुतेक वेळा या गणितातच असतो.

लांबी बारा पटींनी कमी केली की पृष्ठभाग एकशे चव्वेचाळीस पटींनी कमी होतो आणि वजन एक हजार सातशे अठ्ठावीस पटींनी. सोळा टनांची गाडी सव्वानऊ किलोंची होते. ऐकायला छान वाटतं, पण पाट्यांची पंचाईत होते. पाट्याची प्रत्येक पट्टी लांबी-रुंदी-जाडीला बरोबर बाराव्या हिश्शानं, त्याच पोलादाची केलीत, तर पाटा फक्त बारा पटींनी मऊ होतो आणि त्याच्यावरचा भार मात्र सतराशे पटींनी हलका झालेला असतो. खऱ्या गाडीत चार इंच बसणारा पाटा इथं तिसरा हिस्सा इंच बसायला हवा. तो पाऊण मिलिमीटरसुद्धा बसत नाही. गाडी दगडासारखी ताठ उभी राहते. दिसायला सगळं बरोबर, तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. उपाय मी असा केला: नऊ पट्ट्यांच्या पाट्यात एकच पट्टी पोलादी ठेवली, बाकीच्या आठ काळ्या कार्डाच्या. मग पाटा जवळपास हवा तेवढा मऊ झाला. हौद्यात वजन ठेवलं की मागची बाजू बसायला लागली आणि काढलं की हळूच वर आली. ते पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं.

आणखी एक गोष्ट कितीही कारागिरी केली तरी लहान होत नाही, ती म्हणजे पृथ्वीचं ओढणं. बाराव्या हिश्शाच्या उंचीवरून वस्तू साडेतीन पट लवकर खाली येते. म्हणून रिमोटवर चालणारी प्रतिकृती खड्ड्यातून जाताना टुणकन उडते, खऱ्या ट्रकसारखी डुलत नाही. सिनेमावाले छोट्या प्रतिकृतींचं चित्रण जास्त वेगानं करून संथ दाखवतात ते याचसाठी. तुम्ही तुमच्या गाडीचं मोबाइलवर चित्रण करणार असाल तर संथगती लावून बघा, गाडीला एकदम वजन येतं.

टायरबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. दहा-वीसच्या टायरचा व्यास साधारण १०५ सेंटिमीटर असतो, म्हणजे आपल्याला ८८ मिलिमीटर हवेत. परदेशी कंपन्यांचे टायर त्यांच्या प्रमाणाचे आणि महाग असतात. मी जुन्या रबरी चपलांच्या चकत्या कापून, एकावर एक चिकटवून, ड्रिलच्या दांड्यावर फिरवत कानशीनं गोल केल्या. आमच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही. ज्वारीच्या धांड्याचं सालपट काढून आतल्या भेंडाची बैलगाडी, तिला बाभळीच्या काट्यांचे खिळे, चपलेच्या चकत्यांची चाकं, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक पोरानं केलेलं असतं. औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं मिळाली की तिचाच ट्रक व्हायचा, कारण बुचं सहा लावता येत होती. भेंडाची गाडी दोन दिवसांत सुकून आकसायची. पण कुठला भाग कुठं आणि का, याची समज तिच्यातून आलेली असायची. ट्रकला मागं चार चाकं का, याचं उत्तर मी बुचं लावताना अण्णांना विचारलं होतं.

केबिनीबद्दल सविस्तर पहिल्या प्रकरणात आहे, इथं एवढंच सांगतो की समोरची काच दोन तुकड्यांत असते आणि मधल्या दांडीची जाडी चुकली की सगळं तोंड बिघडतं. रंगासाठी एनॅमलच वापरा. खऱ्या गाडीचा पेंटर जे अक्षर तीन इंचांचं काढतो ते आपल्याला दोन सुतांत बसवायचं आहे, त्यासाठी झिरो नंबरचा ब्रशही जाड पडतो. मी ब्रशचे दहा-बारा केस ठेवून बाकीचे कापतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं की नाही हे तुमच्या गाडीच्या सालावर ठरेल: महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांनी २०१५ साली ते लिहायला बंदी केली. एमएच २३ म्हणजे बीड, हे ध्यानात ठेवा. पाटी बीडची आणि मागं धाराशिवच्या ट्रान्सपोर्टचं नाव, असं चालू शकतं, पण मग गाडी विकली गेली असं धरून जुन्या नावावरचा रंग थोडा वेगळा दिसायला हवा.

माझं सगळ्यात जास्त मन लागलं ते मात्र भार करण्यात. बहुतेक प्रतिकृती रिकाम्या असतात, धुवून पुसून ठेवलेल्या. रिकामा हौदा मला बघवत नाही. आमच्या रस्त्यावरच्या गाडीनं जन्मभर काय वाहिलं ते तिच्यात नसेल तर ती आमची गाडी कशी?

ऊस सोपा वाटतो, तो नाही. नऊ फुटी ऊस नऊ इंचांचा, इंचभर जाडीचा तो दोन मिलिमीटरचा. खराट्याच्या काड्या त्याला तंतोतंत लागतात; खालून जाड, वर निमुळत्या. पण दहा टनांच्या भारात, एका उसाचं वजन सव्वा किलो धरलं तर आठ हजार ऊस येतात. आठ हजार काड्या कोण रचणार? म्हणून आत पुठ्ठ्याचा खोका आणि बाहेरून तीन-चार थर. काड्यांना चहाच्या पाण्यात बुडवून मग फिकट जांभळा हात द्यावा, आणि सगळ्या सारख्या रंगवू नयेत. मोळ्या वाढ्यानंच बांधलेल्या असतात. वाढ्यासाठी मी वाळलेलं गवत वापरलं.

त्याहून अवघड आहे ती हंगामाच्या सुरुवातीची गाडी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, घराला कुलूप लागलेलं असतं. एका गाडीत आठ-दहा कोयते, म्हणजे तेवढी जोडपी, त्यांची पोरं, आणि पाच-सहा महिन्यांचा संसार. मी गाडीच्या शेजारी उभा राहून त्याची यादी केली आहे, आणि ती या पुस्तकात जशीच्या तशी दिली आहे: बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, हंडे, तवा, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, गोधड्यांची गाठोडी, बाज उलटी करून वर बांधलेली, तिच्या पायांच्या मध्ये कोंबड्यांची डालगी, फाळक्याजवळ शेळी. कोयते गोणपाटात गुंडाळून केबिनीच्या मागच्या फळीला बांधलेले, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून.

बाजरीचं पोतं करताना मी आधी आत कापूस भरला. ते उशीसारखं फुगलं. मग रवा भरून पाहिला आणि पोतं पोत्यासारखं बसलं. खाली पसरलं, वरच्या कोपऱ्यांना कान आले, एकावर एक ठेवल्यावर वरच्याचा आकार खालच्यानं घेतला. दवाखान्याच्या बँडेजचं कापड चहात रंगवलं की गोणपाटासारखं दिसतं. गोधड्यांसाठी आमच्या घरातल्या जुन्या लुगड्यांचे तुकडे आईनं दिले आणि टाकेही तिनंच घातले. बोटभर गोधडीला तिनं चारी बाजूंनी धावदोरा घातला, कारण तसा नसला तर ती गोधडी नव्हे, असं तिचं म्हणणं होतं.

माणसं मात्र मी केली नाहीत. कितीदा वाटलं, एकदा मातीची दोन करूनही बघितली, आणि मोडली. त्या गाडीत बसलेल्यांतले काहीजण माझ्या वर्गात होते, दिवाळीनंतर त्यांची बाकं रिकामी व्हायची आणि उन्हाळ्यात ते परत आले की पुढचे धडे झालेले असायचे. त्यांना लहानशा बाहुल्या करून कपाटात ठेवणं माझ्या हातून झालं नाही. त्यांचं सामान मी जेवढं नीट करता येईल तेवढं केलं. बाजेची नवार खरी विणलेली आहे. पेटीला कडी आहे आणि कुलूपही आहे.

हे पुस्तक वापरायचं असेल तर क्रमानं वापरू नका. आधी नकाशांची पानं बाजूला ठेवा आणि मोजण्याचं प्रकरण वाचून जवळच्या रस्त्यावर जा. ढाबा, वजनकाटा, टायरवाल्याचं दुकान, पंक्चर काढायची जागा, जिथं गाडी अर्धा तास तरी हलणार नाही तिथं. मालकाला किंवा ड्रायव्हरला विचारल्याशिवाय टेप काढू नका. गाडीखाली वाकायचं असेल तर चाकांना उटी लावल्या आहेत का ते बघा आणि किन्नर (क्लीनर) पोराला सांगून ठेवा, गाडी सुरू करू नको म्हणून. उन्हात पत्रा मोजू नका, हात भाजतो. आधी फोटो काढू नका, आधी मोजा. फोटो काढला की मोजायचा आळस येतो. आणि जी मापं माझ्या नकाशांशी जुळणार नाहीत ती तुमची बरोबर समजा, कारण तुमची गाडी वेगळ्या मिस्त्रीनं बांधलेली आहे.

त्या ड्रायव्हरमामांना गाडी झाल्यावर दाखवायचं कबूल केलं होतं. पुढच्या हंगामात ते त्याच चहाच्या टपरीवर भेटले. मी घरून गाडी आणली आणि बाकावर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. टपाकडं, तोंडाकडं, उसाकडं बघितलंही नाही. थेट मागं वळून दोन बोटांनी साखळी सोडवली, फाळका खाली पाडला, परत लावला, आणि साखळी अडकवून ट्यूबचा तुकडा सरकवून नीट केला.

चौसाळा, दसरा